उघड्या खिडकीचं माप

घर बदललं तेव्हा स्पीकर सामानाच्या गाडीत दिले नाहीत. चौदा वर्षं ज्यांच्यावर गाणं ऐकलं ते दोन्ही स्पीकर मी स्वतः रजयांमध्ये गुंडाळून आणले आणि नव्या घरातली मागची खोली त्यांच्यासाठी राखून ठेवली. साडेचार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच. गुळगुळीत गिलावा, चकचकीत फरशी, डाव्या भिंतीला मोठी काचेची खिडकी, उजवीकडे दार. अजून एकही कपाट लागलं नव्हतं. संध्याकाळी तारा जोडल्या, अनेक वर्षं ऐकलेली ख्यालाची एक रेकॉर्ड लावली आणि पाच मिनिटांत बंद केली.

तंबोऱ्याच्या तारा एकमेकींत कालवल्यासारख्या येत होत्या. गाणाऱ्याचा आवाज समोरून येण्याऐवजी चारी बाजूंनी अंगावर येत होता. तबला सुरू झाला तेव्हा डग्ग्याचा एक घुमारा इतका फुगला की खिडकीची काच थरथरली, आणि लगेच पुढचा आघात कुठे विरला ते कळलंच नाही. जुन्या घरात याच रेकॉर्डमधला डग्गा मला बोट ठेवून दाखवता आला असता, इतका जागच्या जागी वाजायचा.

दोन दिवस मी यंत्रं तपासण्यात घालवले. तारा उलट लागल्यात का, सुई झिजलीय का, प्रवासात एखाद्या वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचा, कागद फाटलाय का. सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी आई खोलीत येऊन बसली. तिच्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत. मी तिला काहीतरी विचारलं. तिने मान वर करून माझ्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाली, "या खोलीत तुझा आवाज येतो गं, शब्द येत नाहीत." थोडा वेळ बसली आणि उठून बाहेर गेली.

ती गेल्यावर मी खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवली. टाळीला शेपूट फुटलं. 'टक्' असा आवाज येऊन थांबायला हवा होता, त्याऐवजी 'टक्झर्रर्र' असा धातूचा पत्रा हलवल्यासारखा आवाज आला आणि तो हळूहळू विझला. दोन समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा अडकतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. तीन मीटरची रुंदी तो नऊ मिलिसेकंदांच्या आत ओलांडतो, म्हणजे सेकंदाला शंभराहून जास्त वेळा भिंतीवर आपटतो. कानाला हे आपटणं वेगवेगळं मोजता येत नाही. त्याला ती एक झरझर ऐकू येते. तंबोऱ्यावर, गाण्यावर, माझ्या बोलण्यावर, खोली हीच झरझर ओतत होती.

आपण स्पीकर ऐकतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अशा उघड्याबोडक्या खोलीत स्पीकरपासून हात-दीड हात लांब गेलं, की थेट येणाऱ्या आवाजापेक्षा भिंती, छत आणि फरशीवरून परतून आलेला आवाजच जास्त होतो. माझी खुर्ची तर मागच्या भिंतीला टेकलेली होती. मी भिंतीच ऐकत होते.

आईने केलेली तक्रार सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी हार्वर्डमध्येही झाली होती. तिथल्या फॉग कला संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह दिसायला देखणं होतं, पण त्यात बोललेलं कुणाला कळत नसे. १८९५ साली विद्यापीठाने वॉलेस सॅबिन या सत्तावीस वर्षांच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला त्यावर उपाय शोधायला सांगितलं. त्याने ऑर्गनची एक नळी घेतली, एक स्टॉपवॉच घेतलं आणि रात्रीची शांतता धरून आवाज किती वेळाने विझतो ते नुसत्या कानांनी मोजायला बसला. साडेपाच सेकंद. वक्त्याचा एक शब्द विझायच्या आत पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन पडत होते. जवळच्या सँडर्स थिएटरमध्ये बोलणं छान कळायचं, म्हणून तिथल्या बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात पसरायच्या, मोजायचं, अजून पसरायच्या, पुन्हा मोजायचं, आणि सकाळ व्हायच्या आत सगळ्या जागेवर नेऊन ठेवायच्या, असं काम त्याने कितीतरी रात्री केलं. स्वतःचे कपडेही आवाज पितात हे लक्षात आल्यावर तो मोजणीला दर वेळी तेच कपडे घालून येऊ लागला. या माणसाबद्दल मला जे प्रेम आहे ते या कपड्यांमुळे आहे.

त्याने शोधलेलं सूत्र एका ओळीचं आहे. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. उत्तर येतं ते सेकंदात: आवाज ६० डेसिबलने खाली जायला लागणारा वेळ. आणि शोषणाचं त्याचं माप तर कवितेत शोभावं असं आहे: उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक चौरस मीटर पूर्ण शोषण. गादी किती खिडकीएवढी, गालिचा किती, माणूस किती, असं सगळं या मापात सांगता येतं. अंगभर कपडे घातलेला एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर खिडकीएवढा असतो.

मी कागदावर माझ्या खोलीचा हिशेब मांडला. घनफळ ४०.५ घनमीटर. गिलावा, काच आणि फरशी मिळून शोषण जेमतेम तीन-चार चौरस मीटर. म्हणजे आवाज दीड ते दोन सेकंद रेंगाळणार. घरात गाणं ऐकायला ०.३ ते ०.५ सेकंद चांगले. ०.४ साठी सोळा चौरस मीटर उघडी खिडकी हवी. माझ्या खोलीची एक सबंध लांब भिंतसुद्धा साडेतेराच चौरस मीटरची. इतकी मोठी खिडकी त्या खोलीला नव्हती आणि नकोही होती, तिच्या तोलाच्या वस्तू हव्या होत्या.

त्या रात्री मी घरातल्या गाद्या त्या खोलीत नेल्या. सगळ्या. दोन भिंतींना उभ्या केल्या, दोन जमिनीवर टाकल्या, उरलेल्या रजया खिडकीच्या दांडीवर टाकल्या. त्याच गादीवर बसून मी तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. गाणारा समोर येऊन बसला. स्पीकर तेच, तारा त्याच. दोन दिवस ज्या दोषासाठी मी यंत्रं उघडून पाहत होते तो दोष भिंतीला टेकवलेल्या गादीने घालवला होता.

इथवर ठीक. चूक मी यापुढे केली, आणि ती सांगायला हवी, कारण ती जवळपास प्रत्येक जण करतो. गाद्या कायमच्या ठेवता येत नाहीत म्हणून मी बोटभर जाडीचे फोमचे चौकोन आणले आणि उत्साहाने तीन भिंतींवर चिकटवून टाकले. झरझर गेली. टाळी वाजवली तर 'टक्' झालं आणि संपलं. मला वाटलं, जिंकलं. मग गाणं लावलं आणि कानांना दडे बसल्यासारखं झालं. तंबोऱ्याची जवारी, तारेवरून उठून हवेत राहणारी ती बारीक सोनेरी झाक, गेली. तार ऐकू येत होती, तंबोरा येत नव्हता. झांजेवर कापड टाकल्यासारखं वाटत होतं. आणि डग्गा? डग्गा होता तसाच, उलट वरचे सूर दबल्यामुळे त्याचा घुमारा आता अधिकच अंगावर येत होता.

याचं कारण लाटेच्या लांबीत आहे. आवाज म्हणजे हवेच्या कणांची पुढेमागे हालचाल. फोम किंवा कापसासारख्या सच्छिद्र वस्तू त्या हालचालीला घासून थोपवतात. पण भिंतीला लागून हवा हलूच शकत नाही, पुढे भिंत आहे. हवा सगळ्यात जास्त हलते ती भिंतीपासून पाव लाट दूर. उंच सुरांची लाट काही सेंटिमीटरची, तिथे बोटभर फोम पुरतो. ५७ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५७ कंपनांच्या, खर्जाची लाट सहा मीटर लांब, तिचा पाव भाग दीड मीटर. भिंतीला चिकटलेला पातळ फोम त्या लाटेला दिसतसुद्धा नाही. अंड्यांचे कागदी ट्रे लावण्याचा सल्ला अजून दिला जातो, त्याचीही हीच गत, किंबहुना त्याहून वाईट. फोमबद्दल आणखी एक गोष्ट तळमळीने सांगते. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. भिंतभर असा फोम लावून त्या खोलीत दिवा, तारा आणि तापणारा अँप्लिफायर ठेवणं मला आता भयंकर वाटतं. मी तो सगळा खरवडून काढला. गिलाव्याचे पोपडे त्याच्याबरोबर निघाले.

मग राहिला डग्गा. या एका वाद्याने मला खोलीबद्दल जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या आलेखानेही शिकवलं नाही. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढतात तेव्हा सूर एका जागी राहत नाही, तो वर सरकत जातो. चांगल्या खोलीत तो सरकताना सलग ऐकू येतो, दोरी ओढल्यासारखा. माझ्या खोलीत तो मध्येच एका जागी फुगायचा आणि पुढे गेला की ओसरायचा. कुठलीही खोली काही ठरावीक खर्ज सुरांना आपलं मानते. दोन भिंतींच्या अंतरात ज्या सुराची अर्धी लाट नेमकी बसते तो सूर तिथे उभा राहतो, आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट सूरही. माझ्या खोलीची लांबी साडेचार मीटर: ३८, ७६, ११४ हर्ट्झ. रुंदी तीन मीटर: ५७, ११४. उंचीही तीन मीटर: पुन्हा ५७, पुन्हा ११४. लांबी-रुंदीचं प्रमाण नेमकं तीनास दोन असल्यामुळे तिन्ही दिशांचे लाडके सूर ११४ वर येऊन मिळत होते. आणि डग्ग्याचा घिस्सा नेमका त्याच पट्ट्यातून जातो. बांधणाऱ्याने खोली मापात बसावी म्हणून सरळ आकडे घेतले असतील. गाण्याला मात्र असे सरळ आकडे सोसत नाहीत. लांबी, रुंदी आणि उंची एकमेकींना भाग न जाणाऱ्या असतील तर लाडके सूर विखुरतात आणि कुणा एकाची दादागिरी होत नाही.

भिंती हलवता येत नव्हत्या. स्पीकर आणि खुर्ची हलवता येत होती, आणि माझं ठाम मत आहे की यात फुकट मिळणारं जे काही आहे ते पैसे देऊन मिळणाऱ्यापेक्षा मोठं आहे. उभ्या राहिलेल्या लाटेला हवेच्या दाबाचे फुगवटे असतात तशा रिकाम्या जागाही असतात. फुगवट्यात स्पीकर ठेवला तर तो त्या सुराला खतपाणी घालतो, रिकाम्या जागी ठेवला तर तो सूर उठतच नाही. भिंती आणि कोपरे म्हणजे सगळ्याच सुरांचे फुगवटे, म्हणून कोपऱ्यातला स्पीकर गुरगुरतो आणि भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसणाऱ्याला खर्जच खर्ज ऐकू येतो. मी हिशेब केला. ११४ हर्ट्झची रुंदीतली रिकामी जागा बाजूच्या भिंतीपासून पाऊण मीटरवर. लांबीतली रिकामी जागा समोरच्या भिंतीपासून पाऊण मीटरवर. उंचीतली, फरशीपासून पाऊण मीटरवर. तिन्हीकडे पाऊण! मला वाटलं, खोलीने आपलं कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगून ठेवलीय. टेप घेऊन मोजून स्पीकर तिथे ठेवले, वूफर स्टँडवर पाऊण मीटर उंचीला आणले, घिस्सा असलेली जागा लावली.

फुगवटा नाहीसा झाला होता आणि त्या जागी खड्डा पडला होता. सूर सरकत यायचा आणि मध्येच पायरी चुकल्यासारखा खाली जायचा. असं होणारच होतं. स्पीकरचा खर्ज चहूकडे पसरतो, जवळच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि पाव लाटेच्या अंतरावर तो नेमका उलटा होऊन मूळ आवाजाला खातो. पाऊण मीटर ही ११४ हर्ट्झची पाव लाटच. तीन पृष्ठभाग सारख्याच अंतरावर असल्यामुळे तिघांनी मिळून एकाच सुराचा घास घेतला होता. त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी स्पीकर वीतभर पुढे, चार बोटं मागे, असे सरकवत राहिले. प्रत्येक जागेला फरशीवर कागदी टेपची खूण आणि त्यावर पेन्सिलीने तारीख. शेवटी बाजूचं अंतर पाऊण मीटर ठेवलं, समोरच्या भिंतीपासून पूर्ण एक मीटर पुढे आणलं. स्पीकर एकमेकांपासून दीड मीटर, मी त्यांच्यापासून पावणेदोन मीटर, आणि माझ्या पाठीमागे जवळजवळ दोन मीटर मोकळी जागा. खुर्ची खोलीच्या मधोमध अवघडल्यासारखी दिसते, हे खरं. पण त्या रात्री घिस्सा पहिल्यांदा सलग आला.

उरलेलं काम कोपऱ्यांचं. सगळे उभे सूर कोपऱ्यांत एकत्र दाब देतात, म्हणून शोषकही तिथेच लावायचे आणि जाड लावायचे. दगडी लोकरीचे, म्हणजे रॉकवूलचे, दहा सेंटिमीटर जाडीचे पट्टे लाकडी चौकटीत बसवून चारही उभ्या कोपऱ्यांत तिरपे उभे केले, फरशीपासून छतापर्यंत. तिरपे ठेवल्यामुळे मागे हवेची पोकळी राहते आणि ती पोकळी फुकटच्या जाडीसारखी काम करते. हे काम हातमोजे आणि मास्क घालून करावं, तंतू टोचतात आणि श्वासात जायला नकोत. वरून विणीचं कापड लावलं. कापड कसं निवडायचं? तोंडाला लावून फुंकर मारायची. फुंकर पलीकडे गेली तर आवाजही जाईल. ५७ हर्ट्झचा सूर तरीही थोडा रेंगाळतोच, इतक्या लांब लाटेला माणसाच्या घरात पूर्ण थोपवणं कठीण आहे. तो मी पुढे इक्वलायझरने, म्हणजे निवडक सूर कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेने, पाच डेसिबल खाली ओढला. खाली ओढणं चालतं. खड्डा मात्र इक्वलायझरने कधी भरू नये. खड्ड्यात जेवढं ओताल तेवढंच परतून आलेली लाट खाते, आणि दहा डेसिबल वाढवायला अँप्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते.

साधारण २०० हर्ट्झच्या वर माझ्या खोलीचा स्वभाव बदलतो. तिथे उभ्या लाटांचं राज्य संपतं आणि आवाज प्रकाशासारखा वागू लागतो, भिंतीवरून आरशासारखा परततो. म्हणून तिथे आरसाच वापरतात. आपण खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून हातआरसा सरकवत न्यायचा, आणि ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल ती पहिल्या परतीची जागा. आरसा आईने धरला. "हं, इथे?" "अजून थोडा पुढे, आई." "इथे?" "हं, दिसला." तिने तिथे खडूने फुली मारली. एकूण सहा फुल्या झाल्या, छतावरच्या दोन मी शिडीवर चढून मारल्या.

माझ्या खोलीत बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा एक मीटर जास्त चालून येतो, म्हणजे तीन मिलिसेकंद उशिरा. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की इतक्या थोड्या उशिराने, साधारण तीस मिलिसेकंदांच्या आत, येणारी परतलेली लाट कान वेगळी ऐकतच नाही. ती पहिल्या आवाजात मिसळते आणि दिशा ठरते ती पहिल्या आवाजावरून. पण मिसळताना ती रंग बदलते, आणि दोन बाजूंच्या परती सारख्या नसतील तर चित्रही सरकवते. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइनने १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हापासून या सगळ्या कलेचा जीव एका भासात आहे: दोन स्पीकरच्या मधोमध, जिथे काहीच नाही, तिथे गाणारा उभा राहतो. माझ्याकडे तो डावीकडे झुकून उभा राहायचा. डावीकडे काच होती, उजवीकडे दार उघडं असायचं. म्हणजे एका बाजूला आरसा आणि दुसऱ्या बाजूला, सॅबिनच्या भाषेत, पूर्ण खिडकी. जाड मखमली पडदा दुप्पट चुण्या घालून काचेवर ओढला आणि गाणारा मध्ये आला. दिवसा ऐकताना पडदा ओढलेला असतो, खोलीत दिवा लावावा लागतो. ती किंमत मी आनंदाने देते.

बाजूच्या परती पूर्ण मारायच्या की नाहीत, यावर जाणकारांत खरा मतभेद आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीत अनेक वर्षं काम केलेल्या फ्लॉइड टूल यांनी दाखवलं आहे, की घरी गाणं ऐकणाऱ्या पुष्कळ लोकांना बाजूच्या परती आवडतात, त्यांनी आवाजाला रुंदी आणि मोकळेपणा येतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला तपशील हवा असतो, त्याची गरज वेगळी. फोमची चूक केल्यानंतर मी या बाजूला झुकले आहे. काचेवर पडदा आहे, फरशीवर स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये जाड लोकरी गालिचा आणि त्याखाली नमदा आहे, पण उजवी भिंत दाराच्या पुढे कोरी सोडली आहे, छताला हात लावलेला नाही. खोलीला खोलीसारखं वाटू द्यायला हवं. तंबोऱ्याला जवारी लागते तशी खोलीलाही थोडी लागते.

मागच्या भिंतीला पुस्तकं आहेत, आणि त्यांच्यावर माझा विशेष जीव आहे. मॅनफ्रेड श्रोडर या भौतिकशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात आवाज विखुरण्यासाठी कमी-जास्त खोल खाचांची एक फळी सुचवली. कुठली खाच किती खोल हे ठरतं अंकगणितावरून: ०, १, २ अशा संख्यांचे वर्ग घ्यायचे, सातने भागायचे आणि बाकी लिहायची. ०, १, ४, २, २, ४, १. एवढ्या साध्या ओळीने आवाज एका दिशेला न परतता पंख्यासारखा पसरतो. मी फळी बनवली नाही. पुस्तकं मात्र एका रेषेत लावण्याची सवय मोडली. जाड कोश पुढे ओढले, कवितासंग्रह आत ढकलले, मध्ये काही रिकाम्या जागा ठेवल्या. माझं कपाट श्रोडरच्या गणिताला धरून नाही, तरी मागची भिंत आता मागच्या भिंतीसारखी वाजत नाही. पाठीमागे एक मोकळं दालन असल्यासारखं वाटतं.

मोजलं मी सगळ्यात शेवटी. रूम ईक्यू विझार्ड नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. मोजणीचा मायक्रोफोन कानाच्या उंचीला ठेवून त्यातून २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर वाजवायचा. आलेखात ११४ ची टेकडी जवळजवळ सपाट झाली होती, आणि विझायचा वेळ मधल्या सुरांत अर्ध्या सेकंदाच्या आत आला होता. आनंद झाला, पण आधीच कानांनी सांगितलेलं कागदावर आल्याचा तो आनंद होता. आलेखाकडे पाहून ऐकायला बसलं की माणूस खड्डे शोधत बसतो आणि बंदिश निघून जाते. आणि आलेखात न दिसणारं एक सत्य वेगळंच आहे: रात्री आवाज बारीक केला की खर्ज पातळ होतो, कारण हळू आवाजात आपल्या कानालाच खर्ज कमी ऐकू येतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून ठेवलं आहे. तेव्हा रात्रीच्या पातळ खर्जासाठी खोलीला दोष देऊ नये.

या सगळ्या खटाटोपाचा मला न सुचलेला परिणाम म्हणजे आई पुन्हा त्या खोलीत बसू लागली. नंतर मी वाचलं आणि समजलं. शब्द कळतात ते व्यंजनांवरून, आणि व्यंजनं असतात बारीक, क्षणभराची, उंच सुरांतली. स्वर मोठे, खालचे, लांबणारे. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या शब्दातला 'आ' रेंगाळतो आणि पुढच्या शब्दातला 'त' किंवा 'स' त्याखाली गाडला जातो. तरुण कान उरलेल्या खुणांवरून शब्द जुळवून घेतात. कानातलं यंत्र मात्र बोलणं मोठं करतं तसं ते रेंगाळणंही मोठं करतं. म्हणजे गाण्यासाठी मी जे विझवत होते तेच आईच्या कानावरचं ओझं होतं. आता संध्याकाळी ती पुस्तकांच्या कपाटाशेजारच्या खुर्चीत येऊन बसते. रेकॉर्डची एक बाजू संपली की आम्ही बोलतो, मी आवाज न चढवता. कधी कधी दुसरी बाजू लावायची राहून जाते.

गेल्या महिन्यात गालिचा धुवायला काढला. आई नेहमीप्रमाणे आली, चष्मा पुसत बसली, मी तिला दिवसभराचं काहीतरी सांगू लागले. दोन वाक्यांनंतर तिने हात वर केला.

"तू लांबून बोलतेयस."

"इथेच आहे, आई. खुर्ची तिथेच आहे."

तिने चष्मा घातला, पायाशी पाहिलं.

"गालिचा कुठंय?"

"गच्चीत. वाळत घातलाय."

"मग वाळू दे," ती म्हणाली. "तोवर तंबोरा नको लावूस."